टाउनशिपसाठी ४२ एकर जमीन: एलडब्ल्यूसीएफ, आरटीपी आणि राज्याचा निधी यांची सांगड कशी घालावी?

ओढ्याकाठी:

नमस्कार. अमेरिकेत टाउनशिप किंवा काउंटीच्या पार्क समितीवर काम केलेल्या जाणकारांना विचारायचं आहे.

टाउनशिपच्या हद्दीत ४२ एकरांचं जुनं शेत विक्रीला येतंय. निम्मी मोकळी जमीन, निम्मं रान, एका अंगाला ओढा आणि त्याच्या काठाने पाणथळ पट्टा. रस्त्यालगत मालकांचं राहतं घर. बाजारभाव ६ लाख डॉलरच्या आसपास असावा. पार्क होणार असेल तर मालक साडेचार लाखांना द्यायला तयार आहेत, पण त्यांना वर्षानुवर्षं थांबायचं नाही. टाउनशिपकडे राखीव निधी ५ लाख.

समितीत सध्या असं ठरत आलंय की जमीन आत्ताच घेऊन टाकावी, मग एलडब्ल्यूसीएफमधून (लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड, बाहेरच्या मनोरंजनाच्या जागांसाठीचा संघीय निधी) निम्मे पैसे परत मागावेत, आणि त्याच अर्जात दीड मैलाची ट्रेलही घालावी. हे बरोबर आहे का? मालक जी सूट देताहेत ती आपला वाटा म्हणून धरता येते का? आणि कुठे अडकायला होतं?


दस्तऐवज:

आधी हे समितीला कळवा: मंजुरीआधी क्लोजिंग (खरेदीखताचा अंतिम व्यवहार) करू नका. आत्ता खरेदी केलीत तर त्या जमिनीसाठी एलडब्ल्यूसीएफचा दरवाजा बहुतेक कायमचा बंद होतो. हा निधी आधी झालेल्या खर्चाची भरपाई करत नाही. मंजूर प्रकल्पात, करार झाल्यानंतर केलेला खर्च परत मिळतो. 'परतफेडीचं अनुदान' हे ऐकून पुष्कळ समित्यांना वाटतं की आधी घ्या, मग पावती दाखवा. या एका गैरसमजापायी चांगल्या जमिनींचे प्रस्ताव पडतात.

खरोखरच घाई असेल तर एक सोय आहे. राज्याच्या एलडब्ल्यूसीएफ कार्यालयामार्फत नॅशनल पार्क सर्व्हिसकडे पूर्वखरेदीची सवलत मागायची; तिकडे तिला 'वेव्हर ऑफ रेट्रोअ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. ती क्लोजिंगच्या आधी, लेखी मिळालेली असली पाहिजे. तिचा अर्थ एवढाच की आधी घेतल्यामुळे प्रकल्प अपात्र ठरणार नाही. पैसे मिळतीलच असं त्यात काही नसतं. म्हणजे अर्ज नामंजूर झाला तर साडेचार लाख टाउनशिपच्या खिशातूनच गेले असं धरून कौन्सिलने निर्णय घ्यायचा.

त्यापेक्षा ऑप्शन करार बरा. मालकांना थोडी रक्कम देऊन १८ ते २४ महिन्यांसाठी ठरल्या अटींवर खरेदीचा हक्क राखून ठेवायचा, मुदतवाढीचं कलम घालायचं, आणि अनुदान व पर्यावरण तपासणी या दोन्ही गोष्टींवर खरेदी अवलंबून ठेवायची. मालकांना तारीख मिळते, तुम्हाला वेळ मिळतो. तेवढंही थांबणं त्यांना नको असेल तर एखाद्या लँड ट्रस्टने (जमिनी जपणाऱ्या ना-नफा संस्थेने) मध्ये जमीन घेऊन धरून ठेवायची आणि मंजुरीनंतर टाउनशिपला विकायची. राज्यांना मिळणाऱ्या एलडब्ल्यूसीएफच्या हिश्शातून ट्रस्टला स्वतः अर्ज करता येत नाही. अर्जदार राज्य, स्थानिक शासन किंवा आदिवासी शासनच लागतं. विकणारा म्हणून मात्र ट्रस्ट चालतो.

समितीत हमखास निघणारा प्रश्न म्हणजे हा निधी येतो कुठून. कायदा १९६४ चा, अंमल १९६५ पासून. पैसा मुख्यतः समुद्रातल्या तेल आणि वायूच्या रॉयल्टीचा. २०१९ मध्ये कायद्याची मुदत संपण्याची अट गेली आणि २०२० च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्टने वर्षाला ९० कोटी डॉलर कायमचे बांधून दिले. त्यातला किमान ४० टक्के भाग राज्यांच्या वाटणीसाठी असतो. तुमच्या राज्याचा हिस्सा राज्याचं नैसर्गिक संसाधन किंवा पार्क खातं वाटतं, त्यामुळे पहिला फोन तिकडेच. अर्जाआधी त्यांच्या माणसाला जागा दाखवायला बोलवा. एका फेरीत ते जे सांगतात ते मार्गदर्शिकेत शोधून सापडत नाही.

टाउनशिपचा यूईआय क्रमांक (संघीय पैसे घेणाऱ्या संस्थेचा ओळख क्रमांक) आत्ताच काढून ठेवा. २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाच्या जागी तो आला. राज्यामार्फत पैसे घेणाऱ्याला सॅम या संघीय संकेतस्थळावरची पूर्ण नोंदणी लागत नाही, नुसता यूईआय पुरतो. पण टाउनशिपचं कायदेशीर नाव आणि पत्ता कागदोपत्री जसाच्या तसा जुळला नाही तर पडताळणी रेंगाळते. क्रमांक फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या ईमेलना उत्तर देऊ नका.


बांधावरचा:

मालक किमतीत देताहेत त्या सवलतीबद्दल मी लिहितो. हो, धरता येते, आणि तुमच्या प्रकल्पाचं गणित त्यावरच बसतं.

मूल्यांकनात ६ लाख निघाले असं समजू. एलडब्ल्यूसीएफ एकूण पात्र किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत देतं, म्हणजे ३ लाख. उरलेल्या ३ लाखांपैकी दीड लाख ही मालकांची देणगी आणि दीड लाख टाउनशिपची रोख. मालकांच्या हातात ३ आणि दीड मिळून साडेचार लाख पडतात. दीड लाखांपैकी काही भाग राज्याच्या निधीतून आला तर तोही चालतो, कारण तो संघीय पैसा नाही. न्यू जर्सीचं ग्रीन एकर्स १९६१ पासून आहे, मेरीलँडचं प्रोग्राम ओपन स्पेस १९६९ पासून मालमत्ता हस्तांतरणावरच्या अर्ध्या टक्का करातून चालतं, कोलोरॅडोत १९९२ पासून लॉटरीचा पैसा जीओसीओ या राज्याच्या संस्थेमार्फत येतो, मिनेसोटात २००८ च्या घटनादुरुस्तीने विक्रीकरात तीन अष्टमांश टक्क्याची भर घातली. तुमच्या राज्यात यातलं काय आहे ते बघा आणि दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करता येईल असं वेळापत्रक लावा.

मात्र ही देणगी कागदावर देणगीच दिसली पाहिजे. १९७० च्या युनिफॉर्म अ‍ॅक्टप्रमाणे मालकांना पूर्ण बाजारभाव किती ते लेखी कळवावं लागतं, आणि तो माहीत असून आपण स्वेच्छेने कमी घेतोय असं त्यांचं सही केलेलं निवेदन लागतं. हे पत्र क्लोजिंगनंतर मागायला गेलं की लेखापरीक्षणात देणगीची पूर्ण रक्कम उडते आणि टाउनशिपला दीड लाख जास्तीचे भरावे लागतात.

मूल्यांकन 'यलो बुक' मानकांनुसारच हवं. ही संघीय जमीन खरेदीची मानकं आहेत; गृहकर्जासाठी करतात तसलं मूल्यांकन चालत नाही. मूल्यांकनकार नेमताना त्याने यलो बुकचे अहवाल केलेत का आणि ते दुसऱ्या तज्ज्ञाच्या फेरतपासणीत टिकले का, हे विचारा. आणि मालकांना करसवलत घ्यायची असेल तर त्यांचं मूल्यांकन त्यांनी स्वतंत्रपणे, स्वतःच्या खर्चाने करून घ्यावं. आयआरएसला (संघीय कर खात्याला) ते देणगीच्या तारखेआधी ६० दिवसांहून जुनं चालत नाही, सोबत ८२८३ क्रमांकाचा फॉर्म. अनुदानाचं मूल्यांकन त्याहून बरंच आधी झालेलं असतं, म्हणून एकाच अहवालावर दोघांचं भागवायला जाऊ नका.

तसंच पर्यावरणाच्या फेज वन तपासणीचं (जमीन दूषित असू शकते का, याची प्राथमिक पाहणी). तिचे काही भाग खरेदीच्या तारखेआधी १८० दिवसांच्या आतले असावे लागतात. अर्जाच्या वेळी केली आणि मंजुरीला वर्ष लागलं तर ती पुन्हा अद्ययावत करावी लागते. बजेटमध्ये दोनदा धरा. जुन्या शेतावर डिझेलच्या टाक्या, कीटकनाशकं कालवण्याची जागा आणि ओढ्याच्या उतारावर टाकलेला कचरा, ही तीन ठिकाणं तपासनीसाला आवर्जून दाखवा.

दस्तऐवज यांनी ६(एफ)चा, म्हणजे एलडब्ल्यूसीएफ कायद्यातल्या जमीन बांधून ठेवणाऱ्या कलमाचा, विषय काढला नाही, आणि मला तो पैशांपेक्षा मोठा वाटतो. एलडब्ल्यूसीएफचा एक डॉलर जरी लागला तरी नकाशावर आखलेल्या सीमेतली सगळी जमीन कायमची बाहेरच्या मनोरंजनासाठी बांधली जाते. कायमची म्हणजे २५ वर्षं नव्हे, इमारतीचं आयुष्य नव्हे. पुढे तिथे अग्निशमन केंद्र, वाचनालय, मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी आली तर त्याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. नॅशनल पार्क सर्व्हिसची परवानगी लागते आणि बदल्यात निदान तेवढ्याच चालू बाजारभावाची, तितकीच उपयोगी दुसरी जमीन द्यावी लागते. घेतलेलं अनुदान परत करून यातून सुटता येत नाही. म्हणून माझा सल्ला: राहतं घर आणि रस्त्यालगतची दोनेक एकर जागा सुरुवातीपासूनच सीमेबाहेर ठेवा.


दस्तऐवज:

घर बाहेर ठेवण्याला माझी हरकत नाही. पण 'रस्त्यालगतची दोनेक एकर' याला आहे. रस्त्याचा दर्शनी भाग बाहेर काढला की उरलेल्या पार्कला येण्याजाण्याची आणि पार्किंगची जागा राहत नाही. सीमा अशी हवी की आतली जमीन स्वतःच्या बळावर पार्क म्हणून चालेल. राज्याचे तपासणारे हे बघतातच. शिवाय निवडीचे गुण सार्वजनिक प्रवेशावर असतात. टाउनशिपला भविष्यात काय बांधायचंय हे माहीत असेल तर तेवढंच मोजून काढा. 'असू दे, कधी लागेल' म्हणून जागा सोडू नका. उद्या कोणी सदस्य ती विकायला निघाला तर अडवणारा कायदा हाच आहे, आणि या जमिनीला तो लागू व्हावा म्हणूनच आपण एवढी खटपट करतोय.

काय बाहेर काढायचं ते मूल्यांकनाच्या आधी ठरवा, एवढं मात्र कटाक्षाने. यलो बुकमध्ये मालकाची लगतची सगळी जमीन एकत्र बघतात. मालक घराचा तुकडा स्वतःकडे ठेवणार असतील तर विक्रीआधीची संपूर्ण जमिनीची किंमत आणि विक्रीनंतर उरलेल्या तुकड्याची किंमत यांतला फरक धरतात. अहवाल आल्यावर सीमा हलवली तर तो अहवाल निरुपयोगी होतो. क्रम असा ठेवा: शीर्षक तपासणी (मालकी हक्काची छाननी), सीमा, मोजणी, मूल्यांकन. शीर्षक तपासणीत जुनी पाइपलाइन ईझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीतून वाहिनी नेण्याचा हक्क), खनिज हक्क, शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता असं काही निघालं तर ते नकाशावर दाखवा. लपवलेलं नंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीत निघतं.


चढउतार:

ट्रेल त्याच अर्जात घालू नका. जमीन आणि बांधकाम एकत्र केलं की बांधकामाच्या परवानग्या येईपर्यंत जमिनीचं क्लोजिंगही खोळंबतं, आणि तुमच्याकडे नेमका वेळच नाही. जमीन एलडब्ल्यूसीएफमधून, ट्रेल पुढच्या टप्प्यात आरटीपीमधून (रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम, ट्रेलसाठीचा संघीय निधी). जमीन घेतल्यावर साधारण तीन वर्षांत ती लोकांना खुली व्हावी अशी अपेक्षा असते. तेवढ्यात हे बसतं. अगदी पहिल्या दिवशी गवतातून कापलेली साधी पायवाट, १० गाड्यांची खडीची जागा आणि अनुदानाची पाटी एवढं असलं तरी जमीन खुली झाली.

आरटीपीचा पैसा रस्त्याबाहेर चालणाऱ्या मनोरंजनाच्या वाहनांच्या इंधनकरातून येतो आणि फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमार्फत राज्यांना मिळतो. प्रत्येक राज्याने ३० टक्के मोटार ट्रेलसाठी, ३० टक्के बिनमोटार ट्रेलसाठी आणि ४० टक्के विविध वापराच्या ट्रेलसाठी द्यायचे असतात. चालणं, सायकल आणि हिवाळ्यात स्कीइंग असे एकाहून जास्त वापर खरोखर आखलेत तर तुमचा अर्ज त्या ४० टक्क्यांत बसतो. फक्त पायवाट म्हणून टाकला तर स्पर्धा ३० टक्क्यांतच. संघीय हिस्सा सर्वसाधारणपणे ८० टक्क्यांपर्यंत, तुमचा २०. या २० मध्ये स्वयंसेवकांचे तास धरता येतात, पण रोजच्या रोज सही केलेले हजेरीपत्रक हवं: नाव, तारीख, काम, तास. ट्रॅक्टर चालवणारा त्याच कामाच्या दराने, फांद्या उचलणारा सर्वसाधारण मजुरीच्या दराने. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेली पत्रकं तपासनीस बाद करतात. आणि सक्तीच्या भूसंपादनाला हा पैसा अजिबात चालत नाही.

आता प्रत्यक्ष ट्रेल. अ‍ॅक्सेस बोर्डाचे (अपंगांच्या सोयीचे निकष ठरवणारी संघीय संस्था) २०१३ चे निकष मुळात संघीय जमिनींसाठी आहेत, पण अर्ज तपासणारे बहुधा तेच हातात धरतात. रुंदी किमान ३६ इंच. चढ १:२० पर्यंत कितीही लांब चालतो. १:१२ पर्यंतचा सलग २०० फूट, १:१० पर्यंतचा ३० फूट, १:८ पर्यंतचा फक्त १० फूट, आणि प्रत्येकानंतर विसाव्याची सपाट जागा. १:१२ पेक्षा तीव्र भाग एकूण लांबीच्या ३० टक्क्यांहून जास्त नको. आडवा उतार खडीच्या ट्रेलला १:२० पर्यंत चालतो. मी २ ते ३ टक्केच ठेवतो, पाणी निघून जाण्यापुरता.

सायकली येणार असतील तर ६ फूट रुंदी कमीत कमी. दीड मैल म्हणजे ७,९२० फूट. ६ फूट रुंद आणि दाबल्यावर ४ इंच जाड थर धरला तर १५,८४० घनफूट, म्हणजे ५८७ घनयार्ड. दाबताना बसणाऱ्या मालाचे सुमारे २० टक्के वाढवून ७०० घनयार्ड मागवा. अंदाजपत्रकं इथेच चुकतात, दाबलेल्या मापाने माल मागवला जातो आणि शेवटचा पाव मैल उघडा राहतो. खडी ३/८ इंच आणि त्याखालची, फोडलेली, चुऱ्यासकट. धुतलेली गोल खडी स्वस्त पडते म्हणून घेतली तर ती कधीच बसत नाही, चाकं रुततात आणि चाकाच्या खुर्चीला वाट बंद होते. ओलसर मातीवर खाली जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड) अंथरा, नाहीतर दोन हिवाळ्यांत खडी चिखलात जाते.

पाणथळ पट्ट्याची हद्द झाडझाडोरा वाढीला असताना तज्ज्ञाकडून आखून घ्या. बर्फ पडल्यावर नेमकी हद्द सापडत नाही. त्या पट्ट्यात भराव टाकायचा तर क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या कलम ४०४ खाली आर्मी कोअरची (लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाची) परवानगी लागते. शक्य असेल तर वाट वरच्या अंगाने न्या आणि ओढा एकदाच, सर्वांत अरुंद जागी ओलांडा. तयार लोखंडी पूल मागवणार असाल तर ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून 'बाय अमेरिका'चं (लोखंड-पोलाद अमेरिकेतच बनल्याचं) प्रमाणपत्र लेखी घ्या. पूल जागेवर आल्यावर ते मिळालं नाही तर त्या पुलाचा खर्च अपात्र. झाडतोड हिवाळ्यात उरका, कारण उन्हाळ्यात संरक्षित वटवाघळं झाडांवर असतात आणि त्या काळात तोडीला बहुतेक ठिकाणी मनाई असते. ओढ्याकाठच्या उंचवट्यावर पुरातत्त्वाची तपासणी निघण्याची शक्यता दाट. १९६६ च्या वारसा कायद्यातलं कलम १०६ संघीय पैशाला लागतंच. तिला लागणारे महिने आधीच वेळापत्रकात धरा.


ओढ्याकाठी:

तिघांचे आभार. ऑप्शन कराराची गोष्ट उद्याच वकिलांकडे नेतो. दोन शंका. एक, पाणीपुरवठा विभागाला ईशान्य कोपऱ्यात गावासाठी विहीर आणि टाकी हवी आहे, त्यांना 'नंतर बघू' म्हणता येईल का? दोन, अनुदान परतफेडीचं असेल तर क्लोजिंगच्या दिवशी पूर्ण साडेचार लाख आपणच उभे करायचे का?


दस्तऐवज:

विहिरीला नंतर नाही, आत्ताच. पार्कच्या स्वतःच्या नळासाठी विहीर असती तर सीमेत चालली असती. गावासाठीची विहीर, टाकी, कुंपण आणि तिथवरचा रस्ता हा कन्व्हर्जन होतो. पाणीपुरवठा विभागाकडून मोजमापाचा नकाशा घ्या, विहिरीभोवती आरोग्य खात्याला लागणारं सुरक्षित अंतरही त्यात धरा, आणि तो तुकडा मोजणीत वेगळा करून वेगळ्या पैशाने घ्या. त्याची किंमत अनुदानाच्या हिशेबात येता कामा नये. जमिनीखालची जलवाहिनी पार्कमधून जाणार असेल तर तिची ईझमेंट क्लोजिंगच्या दिवशीच नोंदवून ६(एफ) नकाशावर दाखवा. पुढे दुरुस्तीसाठी खणणं तात्पुरतं, १८० दिवसांच्या आत आटोपणारं असेल आणि जमीन पूर्ववत होणार असेल तर परवानगी मिळू शकते, पण तीही आधी मागूनच.

लगत टाउनशिपचा एखादा जुना पार्क आहे का? असेल आणि नवी जमीन त्याच पार्कचा भाग म्हणून दाखवलीत, तर सीमा त्या जुन्या पार्कभोवतीही आखायला सांगितली जाऊ शकते. तिथे आधीच टॉवर किंवा सार्वजनिक बांधकामाची शेड असेल तर आत्ताच राज्याला सांगा.

पैशांचं: काही राज्यं जमिनीच्या बाबतीत क्लोजिंगलाच एस्क्रोमध्ये (व्यवहारासाठी त्रयस्थाकडे ठेवलेल्या खात्यात) रक्कम भरतात, काही नंतर परतफेड करतात. तुमच्या राज्याची रीत लेखी विचारा. परतफेड असेल तर हो, साडेचार लाख उभे करावे लागतात. तुमच्या राखीव निधीत ते बसतात, पण मूल्यांकन, मोजणी, फेज वन, वकील आणि शीर्षक विमा यांची भर पडल्यावर हातात फार उरत नाही, म्हणून बँकेकडून अल्पमुदतीच्या कर्जाची मंजुरी घेऊन ठेवा. त्यावरचं व्याज अनुदानात धरू नका.


बांधावरचा:

कौन्सिलचा ठराव लिहिताना चार गोष्टी नावानिशी घाला: टाउनशिपच्या वाट्याची नेमकी रक्कम, ती कोणत्या निधीतून येणार, जमीन कायमची मनोरंजनासाठी राहील ही मान्यता, आणि सही कोण करणार त्याचं पद. व्यक्तीचं नाव नको, पद लिहा. निवडणूक झाली की नाव बदलतं आणि राज्य नवा ठराव मागतं. 'आवश्यक तो वाटा उचलू' एवढंच लिहिलेले ठराव परत येतात.

अर्जाच्या मजकुरासाठी राज्याची बाहेरच्या मनोरंजनाची योजना, म्हणजे स्कॉर्प, उघडून बसा. दर पाच वर्षांनी ती नवी होते आणि गुण तिच्यातल्या प्राधान्यांवरच दिले जातात. 'सुंदर जमीन आहे' यावर गुण नाहीत. दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात किती घरं आहेत, त्यांना आज कोणता पार्क आहे आणि तो किती दूर आहे, हे नकाशासह दाखवा. आणि सही झालेला ६(एफ) नकाशा खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवाच, शिवाय त्या सीमेची नोंद काउंटीच्या दस्त कार्यालयात खरेदीखतासोबत करून घ्या.